लांब आरामखुर्ची: वेत की गादी या वादाची पार्श्वभूमी

गेल्या काही दशकांत जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, नंदुरबार या गावांतले जुने वाडे एकामागून एक उतरवले गेले आणि त्यांतले लाकूडसामान जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्यांकडे गेले. या सामानात पाय लांब करून रेलण्याची बैठक असेल तर तिला आता चांगले गिऱ्हाईक आहे. घरासाठी अशी बैठक शोधणाऱ्यासमोर साधारणपणे दोन प्रकार येतात. एक म्हणजे एका टोकाला उशासारखा उंचवटा असलेली, गादीने मढवलेली युरोपीय घाटाची शेझ लाँग आणि दुसरा म्हणजे लांबलचक हातांची, वेताने विणलेली सागवानी आरामखुर्ची. बाजारात दोन्ही सरसकट ‘अँटिक’ म्हणून दाखवली जातात. त्यांचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि त्यांतली कोणती घ्यावी व घेतल्यावर तिचे काय करावे, हे बरेचसे त्या इतिहासावरून ठरते.

शेझ लाँग हा अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये रुळलेला प्रकार आहे. खुर्चीचे आसन पायांपर्यंत लांबवले की ती होते. त्याच काळात तिचे दोन-तीन सुटे तुकडे जोडून बसण्याचे प्रकारही निघाले. दोन्ही टोके सारखी उचललेल्या, पाठ नसलेल्या बैठकीला ‘रेकामिये’ म्हणतात. 1800 सालच्या एका अपूर्ण राहिलेल्या चित्रात तशा बैठकीवर रेललेल्या पॅरिसमधील स्त्रीचे ते आडनाव आहे. पुढे इंग्लंडमध्ये 1820 च्या दशकात बैठकीसाठी गुंडाळी स्प्रिंगची पेटंटे घेतली गेली, गादीची जाडी वाढली, तिच्यावर बटणांचे खळगे आले, आणि आज शेझ लाँग म्हटले की डोळ्यांसमोर येते ती घोड्याच्या केसांनी भरलेली, मखमलीने मढवलेली व्हिक्टोरियन बैठक तयार झाली.

ही बैठक खानदेशाच्या हवेला सोसणारी नव्हती. 1818 मध्ये खानदेश कंपनीच्या अंमलाखाली आला तेव्हा इथल्या घरांत बसण्याची पद्धत जमिनीवरची होती. सदरेवर गादी-तक्के-लोड, माजघरात पाट, अंगणात सुतळीने विणलेली बाज, आणि ऐपतदार घरात झोपाळा. साहेबाने खुर्ची आणली, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेल्यावर मखमली गादीवर पाठ टेकवत नाही आणि तिच्या आतल्या केसांना, लोकरीला कसर लागते, हे त्यालाही लवकरच कळले असणार. दुसरी अडचण लाकडाची होती. विलायती फर्निचरमध्ये बहुधा स्वस्त लाकडाच्या सांगाड्यावर महोगनीचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला असे. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या दमट पावसाळ्यात तो पापुद्रा सुटतो. म्हणून हिंदुस्थानात वापरायचे सामान भरीव सागाचे किंवा शिसवीचे असावे, हा संकेत पडला. सातपुडा आणि डांगच्या जंगलांमुळे साग तर खानदेशाच्या दाराशीच होता.

इथल्या घरांत खुर्च्या शिरल्या त्या मुख्यतः रेल्वे आणि कापूस यांच्या मागोमाग. 1860 च्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आला आणि 1870 मध्ये तो जबलपूरमार्गे कलकत्त्याच्या बाजूला जोडला गेला. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना, त्यामुळे इथल्या कापसाचे भाव चढले. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले आणि व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. मुंबईत शिसवीवर भरगच्च कोरीवकाम करून केलेले सोफे, कोच व लांब बैठका त्या काळी सधन घरांची हौस होती. खानदेशातल्या पेढीवाल्यांच्या दिवाणखान्यांत आजही त्या सापडतात त्या याच ओढीने आलेल्या. कोरीवकाम कितीही देखणे असले तरी त्यांवर पाठ टेकून दुपार काढता येत नाही, हे सांगून टाकलेले बरे.

दुपार काढण्यासाठीची खुर्ची डाक बंगल्यांत, कलेक्टर आणि जंगल खात्याच्या मुक्कामांवर आणि भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत होती. तिचे आसन मागे उतरते असते आणि पाठ लांब व कललेली असते. दोन्ही हातांखाली एकेक फळी दडवलेली असते. ती पितळी किंवा लोखंडी खिळीवर फिरवून पुढे काढली की हात दुप्पट लांब होतो आणि त्यावर पाय टाकता येतात. जुन्या खुर्चीत ही फिरती फळी वरच्या हाताखाली तंतोतंत लपते आणि फिरवताना जिथे घासते तिथे अर्धवर्तुळाकार, गुळगुळीत वाट पडलेली असते. अनेक वर्षांच्या वापराशिवाय ती वाट तशी पडत नाही आणि पॉलिश कागदाने केलेली नक्कल बोटाला खरखरीत लागते. सरकारी खुर्ची असेल तर मागच्या आडव्या पट्टीवर रंगाने घातलेला क्रमांक असतो आणि कंडम होऊन लिलावात निघालेल्या खुर्चीवर कधी कधी तो खोडलेलाही दिसतो. व्यापारी तो घासून काढतात. तो ठेवायला सांगावा.

आसन आणि पाठ वेताची. वेत खानदेशात होत नाही. तो केरळ, आसाम, अंदमान किंवा मलायाकडून येई. त्याची चकचकीत साल लांब पट्ट्यांत सोलून, पाण्यात भिजवून, चौकटीच्या कडेने पाडलेल्या भोकांतून ओवली जाते. आधी उभे, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन तिरके फेरे घेतले की ओळखीची आठकोनी जाळी तयार होते. कापडासारखी विणलेली तयार जाळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावर निघू लागली. ती बसवायला भोके लागत नाहीत. चौकटीत खाच पाडून त्यात जाळीची कड ठोकतात आणि वर वेताची दोरी दाबतात. म्हणून खुर्ची उलटी करून कडेला भोकांची रांग आहे की सलग खाच, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. हाताने विणण्याचे हे काम महाराष्ट्रात अनेक वर्षे अंध कारागिरांकडे होते. अंधशाळांत ते शिकवले जाई, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्यावर कित्येकांची चूल पेटे.

पुढे वाद सुरू होतो. 1970 नंतरच्या काळात फोम आणि रेग्झीन तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आणि वेत फाटलेल्या खुर्च्या पुन्हा विणून घेण्याऐवजी गादीबंद करण्याची लाट आली. पद्धत ठरलेली असे. फाटलेला वेत कापून टाकायचा, चौकटीवर प्लायवूडचा तुकडा ठोकायचा, त्यावर दोन-तीन इंच फोम ठेवायचा आणि मरून किंवा हिरवे रेग्झीन ताणून कडेने पितळी डोक्याचे खिळे मारायचे. लग्नसराईपूर्वी बैठकीची खोली सजवायची तर हा झटपट उपाय होता. विणणारे हात मिळेनासे झाले होते आणि रेग्झीन ओल्या फडक्याने पुसता येत असे. आज विक्रीला येणाऱ्या खानदेशी आरामखुर्च्यांपैकी पुष्कळशा या अवस्थेत असतात, आणि त्यांतली एखादी ‘शेझ लाँग’ म्हणूनही दाखवली जाते, कारण गादी चढली की तिचा घाट तिकडे झुकतो.

ती गादी काढावी की ठेवावी? एका बाजूचे म्हणणे असे की खुर्चीचे मूळ रूप वेताचे आहे, गादी हा नंतरचा लेप आहे आणि तो उतरवल्याशिवाय खुर्ची जुनी म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला मुख्यतः ज्यांच्या घरात ती खुर्ची पिढ्यान् पिढ्या आहे ते असतात. आजोबा याच रेग्झीनवर बसून वर्तमानपत्र वाचत, गादीलाही आता पन्नास वर्षे होत आली आहेत, तेव्हा तोही इतिहासच आहे, असे त्यांचे म्हणणे. वस्तूच्या जतनाचे काम करणारे जाणकारही या दुसऱ्या बाजूला अंशतः झुकतात. नंतरचा थर काढायचा असेल तर आधी त्याची छायाचित्रे घ्यावीत, मोजमापे लिहावीत आणि मूळ लाकडाला इजा होणार नसेल तरच हात लावावा, असा त्यांचा आग्रह असतो.

हे सगळे मान्य करूनही प्रस्तुत लेखकाचे मत वेताच्या बाजूचे आहे, आणि त्यामागे हवा हे मोठे कारण आहे. जाळीतून वारा पाठीला लागावा म्हणूनच ही खुर्ची तशी घडवली होती. फोमने ती सोय नेमकी बंद होते. रेग्झीनखाली घाम साचतो आणि प्लायवूडला वाळवी लागली तर ती सागापेक्षा आधी तिथे घर करते. शिवाय फोमचा काही वर्षांत भुगा होतो, म्हणजे गादी ‘जतन’ करायची म्हटले तरी आतला माल बदलावाच लागतो आणि मग जतन नेमके कशाचे, हा प्रश्न उरतोच. मात्र गादी बसवताना सुताराने भोकांची कड रंध्याने तासून टाकली असेल, किंवा खाच पाडण्यासाठी चौकट पोखरली असेल, तर पुन्हा विणण्याचा हट्ट धरू नये. पट्टी कमजोर झालेली असते आणि ताणलेला वेत वाळताना ती चिरते. अशा वेळी सुती भरावाची पातळ, सुटी गादी हा मधला मार्ग आहे, आणि तो परतवताही येतो. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची जाळी स्वस्त पडते आणि भिजली तरी चालते, परंतु उन्हाळ्यात ती ढिली पडते आणि तिच्या कडा अंगाला काचतात.

वेत परत विणून घेतला तरी त्याची निगा खानदेशात वेगळी आहे. मार्च ते जून या कोरड्या महिन्यांत तो ठिसूळ होतो. जाळीच्या खालच्या बाजूने, जिथे साल नसते, ओले फडके फिरवून तो सावलीत वाळू द्यावा लागतो. गच्चीवर उन्हात ठेवलेली खुर्ची फार दिवस टिकत नाही.

पॉलिशचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. जुन्या खुर्च्यांवर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश असते. आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकला आणि पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे, न झाला तर नंतरचे मेलामाइन किंवा तत्सम काही. लाखेचे पॉलिश पुन्हा उजळता येते, म्हणून ते घासून लाकूड उघडे करण्याची घाई करू नये.

वय ओळखण्याच्या परदेशी युक्त्या इथे पूर्ण उपयोगी पडत नाहीत. बोथट टोकाचा, हाताने घडवलेला स्क्रू हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचे लक्षण मानतात, परंतु खानदेशातल्या बहुतेक खुर्च्या त्यानंतरच्याच आहेत. उलट अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकात निघाला, तेव्हा मूळ सांध्यात तो दिसला तर ‘शंभर वर्षांची’ हा दावा तिथेच संपतो. त्याहून मोठा गोंधळ लाकडाचा आहे. उतरवलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब चिरून आज नव्या खुर्च्या केल्या जातात. लाकूड दीडशे वर्षांचे, खुर्ची गेल्या वर्षीची. ती वाईट असतेच असे नाही, कारण असा पक्का साग आता सहज मिळत नाही, पण किंमत नव्या खुर्चीची द्यावी. अशा खुर्चीच्या आतल्या बाजूला संबंध नसलेल्या जागी जुन्या खिळ्याचे काळे भोक किंवा बुजवलेली खाच सापडते.

‘अँटिक’ या शब्दाला कायद्यातही अर्थ आहे, हे खरेदी करणाऱ्याने लक्षात घ्यावे. 1972 च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार कारागिरीची वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तर ती पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूंचा धंदा करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे जो विक्रेता तोंडाने शंभर वर्षे सांगतो आणि पावतीवर ‘जुने लाकडी सामान’ एवढेच लिहितो, त्याला कोणते वय खरे, असे विचारायला हरकत नाही. या शंभर वर्षांच्या रेषेचा दुसरा परिणाम चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी 1950 च्या दशकात केलेल्या साग-वेताच्या खुर्च्यांबाबत दिसला. वय कमी म्हणून त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, कंडम म्हणून लिलावात गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत भारी किमतींना विकल्या गेल्या. 2011 मध्ये त्यांच्या विक्रीवर केंद्राने बंदी घातली, तरी ओघ पूर्ण थांबला नाही. भुसावळच्या क्वार्टरांतून निघालेल्या खुर्च्यांना असा कोणताही आदेश लागू नाही. त्या अजून भंगाराच्या दरापासून दिवाणखान्याच्या दरापर्यंत कोणत्याही भावाला मिळतात आणि भाव बहुधा रेग्झीन किती चकचकीत आहे यावर ठरतो.