तारकागुच्छाचं वय विचारायचं तर अतिनील प्रकाशाला

हिवाळ्यात खारघरला एखाद्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहिलात तर हायवेचे एवढे दिवे असूनसुद्धा कृत्तिकांचा तो छोटासा झुबका दिसतोच. साधारण 440 प्रकाशवर्षं लांब, वय 10 कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे आपल्या 460 कोटी वर्षांच्या सूर्यापुढे अगदी कालची पोरं. त्या जवळ आहेत म्हणून एकेक तारा वेगळा दिसतो, पण असाच गुच्छ 3 कोटी प्रकाशवर्षांवरच्या गॅलक्सीत असेल तर हबल या अवकाश दुर्बिणीलासुद्धा तो जेमतेम एक धूसर ठिपका दिसतो, हजारो तारे त्या एका ठिपक्यात कोंबलेले, मग त्याचं वय काढायचं कसं?

इथे अतिनील प्रकाश, म्हणजे यूव्ही, कामाला येतो. तारा जितका जड तितका तो जास्त तापतो आणि तितक्या लवकर संपतो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5500 अंश सेल्सिअस, तर सगळ्यात जड ताऱ्यांचा 30 हजारांच्याही वर, त्यांचा बहुतेक प्रकाश अतिनीलमध्येच बाहेर पडतो आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्यांचा खेळ 30-40 लाख वर्षांत आटोपतो. त्यामुळे नवा गुच्छ अतिनीलमध्ये झगझगीत, आणि वय वाढेल तसा मंद मंद होत जातो.

पण एक लफडं आहे, धूळ. गॅलक्सीतली धूळ अतिनील आणि निळा प्रकाश आधी गिळते, त्यामुळे लालसर ठिपका दिसला की तो म्हातारा आहे की धुळीमागे लपलेलं तरणं पोर आहे ते नुसत्या दोन रंगांवरून कळतच नाही. यावरचा उपाय मला फार आवडतो. ताऱ्यांमधला हायड्रोजन 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचा, म्हणजे अतिनील, प्रकाश शोषतो, तिथे वर्णपटात एकदम पायरी पडते, ती पायरी किती खोल आहे हे ताऱ्यांच्या तापमानावर म्हणजे गुच्छाच्या वयावर ठरतं, आणि धूळ सगळा प्रकाश हळूहळू उतरता करत नेते पण अशी पायरी काही तिला पाडता येत नाही. म्हणून हबलच्या लेगस नावाच्या अतिनील सर्व्हेत 50 जवळच्या गॅलक्सींचा अभ्यास करताना 275 आणि 336 नॅनोमीटरचे फिल्टर मुद्दाम ठेवले, शिवाय निळा, हिरवट-पिवळा आणि लालपलीकडचा, असे एकूण पाच. पाचही फिल्टरमधली चमक मोजायची, मॉडेलशी ताडून बघायची, मग वय, वस्तुमान आणि धूळ तिन्ही एकदम हाती लागतात. 2018 मध्ये या सर्व्हेची यादी आली तेव्हा तिच्यात सुमारे 8 हजार गुच्छ होते.

आणि हे सगळं अवकाशातूनच करावं लागतं, कारण साधारण 300 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ओझोन जमिनीवर येऊच देत नाही. आपल्या घरातल्या वॉटर प्युरिफायरच्या यूव्ही ट्यूबचा प्रकाश 254 नॅनोमीटरचा असतो, आकाशातून येणारा तोच प्रकाश इथे खाली बसून कितीही मोठी दुर्बीण लावली तरी मिळणार नाही.

आपल्याकडेही याची सोय आहे, इस्रोचा अ‍ॅस्ट्रोसॅट हा खगोल उपग्रह, 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरीकोट्याहून गेलेला. त्यावरची अतिनील दुर्बीण, यूव्हीआयटी, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झाली, त्यात पुण्याची आयुका आणि कुलाब्याची टीआयएफआर या संशोधन संस्थासुद्धा होत्या, कॅनडाचाही हात होता. तिचे आरसे फक्त 37.5 सेंटीमीटरचे, म्हणून हबलइतकं बारीक दिसत नाही, पण एका फ्रेममध्ये जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढं आकाश मावतं आणि हबलच्या कॅमेऱ्यात त्याचा अगदी छोटा तुकडा. त्यामुळे एखाद्या गॅलक्सीच्या पार कडेला, जिथे कोणी बघायला जात नाही, तिथले नवे गुच्छसुद्धा यूव्हीआयटीला एका फटक्यात सापडतात. तिचा निकट-अतिनील (दृश्य प्रकाशाला लागून असलेला) चॅनल 2018 मध्ये बंद पडला, दूर-अतिनील (त्याहून कमी तरंगलांबीचा) मात्र त्यानंतरही चालू राहिला. डेटा ठराविक काळानंतर सगळ्यांसाठी खुला होतो, इस्रोच्या आर्काइव्हवरून वाशी-ऐरोलीतल्या कॉलेजची मुलंसुद्धा तो उतरवून घेऊ शकतात, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी येत असली की एखाद्या गॅलक्सीतले गुच्छ मोजायला सुरुवात करता येते.