चार कप्पे दिसले, रक्तवाहिन्यांचं काय?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाळाच्या हृदयाबद्दल अनेकदा एकच ओळ असते: ‘फोर चेंबर व्ह्यू नॉर्मल’, म्हणजे हृदयाचे चारही कप्पे ठीक दिसले. घरचे ती वाचतात आणि निर्धास्त होतात. ओळ खोटी नसते. पण जन्मल्यावर काही तासांत बाळाला निळं पाडणारा एक मोठा दोष असा आहे, की ही ओळ शंभर टक्के खरी असूनही हृदयाची जोडणी चुकलेली असते.

त्या दोषाला ट्रान्सपोझिशन म्हणतात. चारही कप्पे जागच्या जागी असतात, झडपा ठीक असतात, मधला पडदाही बहुधा सलग असतो. अदलाबदल होते ती हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची. डाव्या खालच्या कप्प्यातून निघायला हवी ती महाधमनी उजव्यातून निघते आणि फुप्फुसधमनी डाव्यातून. मग शरीराकडून आलेलं अशुद्ध रक्त फिरून शरीराकडेच जातं आणि फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं पुन्हा फुप्फुसांकडे. दोन चक्रं फिरतात, पण एकमेकांना भेटत नाहीत.

पोटात असताना बाळाचं यामुळे काही अडत नाही. तिथे प्राणवायू फुप्फुसांतून येतच नाही, तो वारेतून नाळेवाटे येतो. फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि त्यांच्याकडे थोडंच रक्त जातं. बाकीचं रक्त दोन आडवाटांनी वळतं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक उघडझाप करणारी खिडकी असते, आणि फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी एक छोटी नळी असते, डक्टस. या दोन वाटांमुळे हृदयाची एक बाजू लंगडी असली तरी दुसरी बाजू काम भागवून नेते. अर्धं हृदय नीट न वाढलेलं बाळसुद्धा पोटात लाथा मारतं आणि वजन घेतं ते यामुळेच. आईला काहीच जाणवत नाही. कसोटी लागते ती नाळ कापल्यावर. डक्टस पहिल्या एक ते तीन दिवसांत आकसते, खिडकी मिटू लागते, आणि या वाटांवरच जगणारं बाळ झपाट्याने खालावतं.

दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातल्या सुमारे पाव बाळांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरचे उपचार लागतात.

धोका कुणाला जास्त, याची यादी डॉक्टरांना पाठ असते: गरोदरपणाआधीपासून मधुमेह असलेली आई, आधीच्या मुलाला किंवा आईवडिलांपैकी कुणाला असा दोष, पहिल्या तीन महिन्यांत झालेला रुबेला, आकडी किंवा मुरुमांवरची काही औषधं, एकाच वारेवर वाढणारी जुळी, आयव्हीएफची गर्भधारणा. अकरा ते चौदा आठवड्यांच्या स्कॅनमध्ये मानेमागचा द्रव 3.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर गुणसूत्रं ठीक असली तरी हृदय नीट पाहावं लागतं. या सगळ्यांना फीटल इकोला, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सविस्तर सोनोग्राफीला पाठवतात आणि ते योग्यच आहे. पण दोष असलेली बहुतेक बाळं या यादीत न बसणाऱ्या, धडधाकट, तरुण आयांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे खरी भिस्त इकोच्या तज्ज्ञावर नाही, तर गावातल्या किंवा तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये अॅनोमली स्कॅन (बाळातली व्यंगं शोधणारी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी) करताना हृदयावर घालवलेल्या त्या पाच-दहा मिनिटांवर आहे.

हा स्कॅन 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान करतात. हृदयाची घडण त्याच्या कितीतरी आधी, दहाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण झालेली असते, पण तेव्हा ते इतकं लहान असतं की बारकावे दिसत नाहीत. विसाव्या आठवड्यातही ते मोठ्या द्राक्षाएवढंच असतं आणि मिनिटाला 110 ते 160 वेळा धडधडतं. म्हणून मशीनची मांडणी महत्त्वाची. पाहण्याचा कोन अरुंद करायचा, चित्राची खोली कमी करायची आणि चित्र इतकं मोठं करायचं की हृदयाने पडद्याचा तिसरा हिस्सा तरी व्यापावा. कोन रुंद ठेवला की सेकंदाला मिळणाऱ्या चित्रांची संख्या घटते, आणि धावत्या झडपा धूसर दिसतात.

सगळ्यात आधी डावं-उजवं ठरवायचं. ही पायरी घाईत सुटते. पडद्यावर हृदय डावीकडे दिसलं म्हणजे ते बाळाच्या डावीकडे आहे असं नाही, कारण बाळ डोकं खाली किंवा वर, पाठ आईच्या पोटाकडे किंवा पाठीकडे, कसंही असू शकतं. आधी बाळाची स्थिती पाहून डावी बाजू नक्की करायची, मग जठर आणि हृदय दोन्ही त्याच बाजूला आहेत ना हे बघायचं.

पुढे छातीचा आडवा छेद घेतला की चार कप्पे दिसतात. हृदयाने छातीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापलेला हवा आणि त्याचं टोक डावीकडे सुमारे 45 अंशांत झुकलेलं हवं. दोन्ही बाजूंचे कप्पे जवळपास सारखे हवेत. उजवी झडप डावीपेक्षा किंचित टोकाकडे बसलेली हवी. दोन्ही एका सरळ रेषेत दिसल्या तर डाउन सिंड्रोमशी नातं असलेल्या एका मोठ्या दोषाची शंका घ्यायची. डावा कप्पा बारका, उजवा फुगलेला, असं दिसलं तर डावी बाजू खुरटलेली असू शकते.

खूप जण इथेच थांबतात. ट्रान्सपोझिशन मात्र इथून पुढे आहे, प्रोब (पोटावर टेकवायचं मशीनचं टोक) बाळाच्या डोक्याच्या दिशेने जेमतेम झुकवण्याइतक्या अंतरावर. तसं झुकवलं की आधी डाव्या कप्प्यातून निघून बाळाच्या उजव्या खांद्याकडे जाणारी महाधमनी दिसते. आणखी थोडं झुकवलं की तिच्या पुढून आडवी येऊन सरळ मणक्याकडे जाणारी फुप्फुसधमनी. दोघींनी एकमेकींना ओलांडायलाच हवं. ट्रान्सपोझिशनमध्ये त्या दुनळी बंदुकीच्या नळ्यांसारख्या शेजारी-शेजारी निघतात. अजून वर गेलं की निरोगी बाळात तीन वाहिन्या ओळीने, मोठ्याकडून लहानाकडे दिसतात: फुप्फुसधमनी, महाधमनी, वरची महाशिरा. इथे तीनऐवजी दोनच दिसल्या तर मोजायला पुन्हा सुरुवात करावी. रिपोर्ट घेताना ‘आउटफ्लो ट्रॅक्ट’ आणि ‘थ्री व्हेसल व्ह्यू’ हे शब्द त्यात आहेत का, एवढं तरी घरच्यांनी जरूर विचारावं. त्यात संकोच कसला!

कलर डॉपलर लावला की पडद्यावर लाल-निळं उमटतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, निळं म्हणजे अशुद्ध रक्त. तसं काही नाही. रक्त प्रोबकडे येतंय की दूर जातंय, एवढंच तो रंग सांगतो.

चुका कुठे होतात? बाळाची पाठ वर असली तर मणक्याची आणि बरगड्यांची सावली हृदयावर पडते. अशा वेळी आईला कूस बदलायला लावून किंवा थोडं चालून यायला सांगून पुन्हा पाहायचं, आणि तरीही जमलं नाही तर एक-दोन आठवड्यांनी परत बोलवायचं. आईच्या पोटावर चरबी जास्त असली तरीही हाच मार्ग. ‘नीट दिसलं नाही’ हे रिपोर्टमध्ये लिहिणं ‘नॉर्मल’ लिहिण्यापेक्षा कधीही बरं. उलट चूकही होते. ध्वनिलहरी पडद्याला समांतर गेल्या तर पडद्याचा पातळ भाग नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि नसलेलं छिद्र दिसतं. बाजूने, काटकोनात पाहिलं की ते भरून येतं. आणि तो पांढरा ठिपका! हृदयाच्या आत चमकणारा ठिपका बऱ्याच निरोगी बाळांत दिसतो. तो झडपेच्या दोऱ्यांना आधार देणाऱ्या स्नायूतला चुन्याचा कण असतो आणि हृदयाचा आजार नसतो. त्या एका ठिपक्याने किती घरांची झोप उडते, त्याला गणती नाही.

निष्णात हातांनीही पोटात काही गोष्टी ठरवता येत नाहीत. वरच्या पडद्यातलं छिद्र आणि उघडी डक्टस हे जन्मानंतरचे दोष आहेत, पोटात दोन्ही उघडी असणं हीच सामान्य गोष्ट. बारीक छिद्रं निसटतात. महाधमनीची कमान अरुंद होण्याचा दोष तर डक्टसच्या आडोशाला लपतो. उजवी बाजू डावीपेक्षा ठळक दिसली की फक्त संशय येतो.

शंका आली तर पुढचा टप्पा फीटल इकोचा. तीही सोनोग्राफीच, म्हणून गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच आणि त्या कायद्याचा फॉर्म एफ भरूनच होते. दोष नक्की झाला की गुणसूत्रांची तपासणी सुचवतात, त्यासाठी गर्भजल पंधराव्या आठवड्यानंतर काढता येतं आणि त्याचे निकाल यायला दिवस लागतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. स्कॅन बाविसाव्या आठवड्याच्या शेवटी झाला, तर इको, गर्भजल, समुपदेशन हे सगळं घाईत उरकावं लागतं. अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्याची वेळ घेतली तर विचार करायला उसंत मिळते. आणि बहुतेक कुटुंबांपुढचा प्रश्न गर्भपाताचा नसतोच, पुढची तयारी कशी करायची हा असतो.

पोटातच उपचार होतात का? होतात, पण मोजक्या दोषांत. सर्वांत यश मिळतं ते ठोक्यांच्या आजारात. बाळाचं हृदय 220 च्या वर सतत धावत राहिलं तर ते थकतं आणि अंगात पाणी साठू लागतं. अशा वेळी आईला डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड किंवा सोटॅलॉल देतात, ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. रोगी बाळ, गोळ्या आईला, त्यामुळे आईचा ईसीजी, पोटॅशियम आणि औषधाची रक्तातली पातळी तपासत राहावी लागते आणि सुरुवातीला तिला दाखल करून घेतात. बाळाला सूज आलेली असली तर वारेतून डिगॉक्सिन नीट जात नाही, म्हणून तिथे औषध बदलतात. मधूनच एखादा ठोका चुकणं मात्र बहुधा निरुपद्रवी असतं. त्यावर फक्त लक्ष ठेवायचं.

दुसरा उपचार सुईचा. महाधमनीची झडप फार अरुंद असली तर डावा कप्पा आधी फुगतो, मग आकुंचन पावेनासा होतो आणि रक्त त्याला वगळून खिडकीतून दुसरीकडे वळतं. ज्या कप्प्यातून रक्त वाहत नाही तो वाढत नाही. त्यामुळे जन्मापर्यंत तो निकामी होतो. हे रोखायला सोनोग्राफीत पाहत आईच्या पोटातून, गर्भाशयातून, बाळाच्या दोन बरगड्यांमधून, डाव्या कप्प्याच्या टोकातून सुई आत नेतात. ती जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातून तार आणि मोठ्यांच्या अँजिओप्लास्टीत वापरतात तो बारीक फुगा झडपेत नेऊन फुगवतात. झडपेचं तोंड तीन-चार मिलिमीटरचं. बाळ हललं तर सगळंच बिघडतं, म्हणून त्याला आधी वेदनाशामक आणि स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन देतात, आणि त्याची छाती वर येईपर्यंत थांबतात. पाठ वर असली तर त्या दिवशी प्रक्रिया होत नाही. ठोके मंदावणं आणि हृदयाभोवती रक्त साठणं हे नेहमीचे धोके असतात. काही बाळं दगावतात, आणि झडप उघडलेल्या सगळ्यांचा डावा कप्पा सावरतोच असं नाही. लंडनमधून 1991 मध्ये असे पहिले प्रयत्न नोंदवले गेले, बोस्टनमध्ये 2000 पासून ते नियमित झाले. मार्च 2023 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये फुग्याने झडप उघडल्याची बातमी गाजली, सुईचं काम दीड मिनिटात झालं म्हणून.

ट्रान्सपोझिशनवर पोटात काहीच करत नाहीत. ते आधी कळण्याचा फायदा एकाच गोष्टीत असतो: बाळंतपण कुठे करायचं. सिझेरियनची गरज सहसा नसते, बहुतेक बाळं नैसर्गिक प्रसूतीने होऊ शकतात. पण इमारतीत नवजात आयसीयू आणि मुलांचे हृदयतज्ज्ञ हवेत. आजारी बाळ अॅम्ब्युलन्समध्ये घालून नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच तिला तिथे नेणं कितीतरी सुरक्षित. जन्मताच नाळेत सलाइन लावून प्रोस्टाग्लॅंडिन सुरू करतात, त्यामुळे डक्टस उघडी राहते.  त्याची कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि या औषधाने बाळाचा श्वास मधूनच थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर शेजारी हवा. खिडकी फार चिंचोळी असेल तर नाळेतून किंवा जांघेतून फुगा नेऊन ती मोठी करतात. मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही वाहिन्या कापून आपापल्या जागी जोडतात आणि हृदयाला रक्त देणाऱ्या बारीक धमन्याही नव्या जागी बसवतात. फार उशीर केला तर डाव्या कप्प्याची ताकद ओसरते आणि त्याला शरीराचा भार पेलवत नाही.

जन्माआधी मात्र डक्टस उघडीच राहायला हवी, म्हणून गरोदर बाईने अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नये, विशेषतः सातव्या महिन्यापुढे. या गोळ्यांनी पोटातच डक्टस आकसू शकते.

जी बाळं पोटात निसटतात त्यांच्यासाठी जन्मानंतर चोवीस तासांनी एक सोपी तपासणी आहे. उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. दोन्हीकडे 95 किंवा जास्त आणि फरक तीनपेक्षा जास्त नाही, तर ठीक. कुठेही 90 च्या खाली आला, तर लगेच इको. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा मोजायचं. महाधमनीच्या कमानीचा दोष मात्र यातूनही सुटू शकतो, म्हणून घरी सोडण्याआधी डॉक्टर बाळाच्या दोन्ही जांघांत बोट ठेवून नाडी लागते का, ते पाहतात.