जीपच्या इंजिनाचा ब्लॉक कुठला? चार सिलिंडरांची वंशावळ

जुन्या जीपचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं सिलिंडर असलेलं ओतीव धड, गॅरेजमध्ये उघडा पडलेला असतो आणि मालक सांगतो, ‘गाडी १९४४ ची, इंजिन ओरिजिनल’. आर.सी. बुकातही साल तेच असतं. पण ब्लॉक १९४८ चा असू शकतो, फोर्डचा असू शकतो किंवा मुळात दुसऱ्याच मॉडेलचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी नोंदणी क्रमांकांची ‘व्हीए’ मालिका आल्यापासून या प्रश्नाला कागदोपत्री वजन आलं आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको, अशी ती अट आहे. त्यामुळे ब्लॉकची ओळख आधी पटवणं आलंच, आणि त्यासाठी हे इंजिन कुठून कुठे गेलं ते माहीत असावं लागतं.

व्हिपेटपासून एमबीपर्यंत

हे इंजिन युद्धासाठी जन्मलेलं नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या विलिज-ओव्हरलँड कंपनीने १९२६ मध्ये ‘व्हिपेट’ ही छोटी गाडी बाजारात आणली. तिच्या चार सिलिंडरी इंजिनातून पुढे १९३३ च्या ‘विलिज ७७’ चं इंजिन निघालं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ ३/८ इंच, म्हणजे ७९.३७५ बाय १११.१२५ मिलिमीटर. क्षमता १३४.२ घनइंच, आपल्या भाषेत २१९९ सीसी. ताकद मात्र ४८ हॉर्सपॉवरच्या आसपास. १९३८ मध्ये मुख्य अभियंता म्हणून आलेल्या डेल्मर ‘बार्नी’ रूस यांनी मापं तीच ठेवून आतलं एकेक अंग सुधारलं आणि तेच इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांना ६० हॉर्सपॉवर देऊ लागलं. त्याचं नाव पडलं ‘गो डेव्हिल’, कागदावर एल-१३४.

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने टेहळणीसाठी हलकी गाडी मागवली, तेव्हा स्पर्धेतल्या बँटम कंपनीच्या नमुन्यात काँटिनेंटलचं ४५ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. फोर्डने आपलं ट्रॅक्टरवरून घेतलेलं इंजिन बसवलं होतं. विलिजची बाजू जड ठरली ती याच एल-१३४ मुळे. १९४१ मध्ये विलिजला एमबी मॉडेलचं कंत्राट मिळालं. गाड्या एका कारखान्याला झेपणार नाहीत हे दिसल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोर्डलाही विलिजच्या नकाशावरून जीप बांधायचं काम दिलं गेलं. ती जीपीडब्ल्यू. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस आणि डब्ल्यू म्हणजे विलिज. युद्ध संपेपर्यंत विलिजने साडेतीन लाखांहून अधिक, तर फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक जीप बांधल्या.

इथेच पहिला गोंधळ आहे. दोन्ही इंजिनांचे भाग एकमेकांत बसावेत ही लष्कराचीच अट होती. युद्धकाळातल्या वर्कशॉपमध्ये इंजिन उतरवायचं, दुरुस्त करायचं आणि समोर येईल त्या जीपमध्ये चढवायचं, हा रोजचा रिवाज. त्यामुळे विलिजच्या चेसिसवर फोर्डचा ब्लॉक दिसला तर ती फसवणूक असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती लष्करी दुरुस्तीची खूण असते.

ब्लॉकवरची दोन लिखाणं

ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. उठावाचे आकडे साच्यातून आलेले असतात. ओतकाम होतानाच ते लोखंडात येतात, त्यामुळे ते बदलणं फार अवघड. कोल्हापूरच्या फाउंड्रीत पॅटर्नवर अक्षरं लावणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. पण हा आकडा त्या एका इंजिनाचा नसतो, तो त्या ओतीव नमुन्याचा असतो. हजारो ब्लॉकांवर तोच. विलिजच्या युद्धकाळातल्या ब्लॉकवर ६३८६३२ हा आकडा दिसतो, युद्धानंतरच्या एल-१३४ ब्लॉकांवर बऱ्याचदा ६४१०८७. फोर्डच्या पार्ट नंबर पद्धतीत ६०१५ म्हणजे सिलिंडर ब्लॉक, म्हणून त्यांच्या ओतीवावर ‘जीपीडब्ल्यू-६०१५’ शोधायचं. फोर्डच्या बोल्टांच्या माथ्यावर ‘एफ’ची खूण असते, पण बोल्ट हातोहात फिरतात, त्यांच्यावरून ब्लॉकचा निकाल लावू नये.

दुसरं लिखाण पंचाने ठोकलेलं. तो त्या एका इंजिनाचा क्रमांक. एमबी आणि जीपीडब्ल्यूवर तो ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या वरच्या कोपऱ्यात, ऑइल फिल्टरच्या ब्रॅकेटमागे असतो. नंतरच्या इंजिनांवर तो समोर, वॉटर पंपाच्या बॉसवर आला. आकड्याआधीची अक्षरं घराणं सांगतात. ‘एमबी’ युद्धकाळातली विलिज, ‘जीपीडब्ल्यू’ फोर्ड, ‘जे’ सीजे-२ए (सीजे म्हणजे नागरी जीप), ‘३जे’ सीजे-३ए, ‘४जे’ सीजे-३बी, ‘एमसी’ लष्करी एम-३८, ‘एमडी’ एम-३८ए१.

फोर्डने चेसिसवर आणि इंजिनावर एकच क्रमांक ठोकला. विलिजच्या कारखान्यात इंजिनांचा आणि चेसिसचा क्रम वेगवेगळा चालायचा. म्हणून एमबीच्या मालकाने दोन्ही क्रमांक जुळत नाहीत म्हणून काळजी करायचं कारण नाही. उलट एमबीवर ते तंतोतंत जुळत असतील तर पॅड, म्हणजे क्रमांक ठोकलेली सपाट जागा, बारकाईने तपासायला हवा.

क्रमांकाच्या शेवटी कधी एखादं अक्षर असतं. ते मॉडेलचं नव्हे, मापाचं. ‘ए’ म्हणजे कारखान्यातूनच मेन आणि कनेक्टिंग रॉड बेअरिंग दहा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज, ‘बी’ म्हणजे सिलिंडर दहा थाऊ ओव्हरसाइज, ‘एबी’ असेल तर दोन्ही. हे न वाचता बेअरिंगचा सेट मागवला की तो बसत नाही आणि दोष दुकानदारावर जातो.

चेन की गिअर

युद्धकाळातल्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट चेनवर फिरतो. सीजे-२ए चं उत्पादन चालू असतानाच, इंजिन क्रमांक जे-१७५४०२ पासून, चेन जाऊन गिअर आले. वरवर हा छोटा बदल, पण चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो आणि गिअरवर उलट. डिस्ट्रिब्युटर मात्र दोन्हींत एकाच दिशेने फिरायला हवा. म्हणून कॅमवरच्या आणि ऑइल पंपावरच्या गिअरच्या तिरक्या दात्यांची दिशा बदलली. चेनवाल्या इंजिनाचा ऑइल पंप गिअरवाल्यात चालत नाही, आणि ‘पंप नवीन, तरी बसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

चेनवाल्या ब्लॉकमध्ये गिअरचा कॅम, गिअर, पंप असा अख्खा संच घालता येतो आणि तसं खूप ठिकाणी झालं आहे. त्यामुळे टायमिंग कव्हर उघडून गिअर दिसले म्हणून ब्लॉक १९४८ नंतरचा, असं म्हणता येत नाही. ब्लॉकचं वय ब्लॉकच्या अंगावरच शोधायचं.

एल की एफ, आणि माझगाव

१९५० मध्ये विलिजने हेच बोअर-स्ट्रोक ठेवून ‘हरिकेन’ म्हणजे एफ-१३४ आणलं. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच राहिले. ताकद ७० च्या पुढे गेली, इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून सीजे-३बीचं बॉनेट वर चढलं. आपल्याकडच्या जीपचा उंच कपाळाचा चेहरा तिथून आला. हेड उतरवलेलं असेल तर ओळख क्षणात पटते: ब्लॉकच्या माथ्यावर आठ व्हॉल्व्ह सीट दिसल्या तर एल, चारच दिसल्या तर एफ.

मुंबईत महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलिज जीपची जुळणी सुरू केली. सुटे भाग पेट्यांतून यायचे. पुढे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनू लागले आणि सीजे-३बीचा साचा अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे दीर्घकाळ चालला. दुसरीकडे, महायुद्धानंतर अमेरिकी फौजांनी मागे सोडलेल्या जीप डिस्पोजलच्या लिलावांत विकल्या गेल्या. महाराष्ट्रात सापडणारा ब्लॉक बहुतेकदा या दोन वाटांपैकी एकीने आलेला असतो, आणि दोन्ही वाटा मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये एकत्र झाल्या. पुढे पेट्रोल महागलं तसं मूळ इंजिन काढून डिझेल बसवण्याची लाट आली. उतरवलेले पेट्रोल ब्लॉक भंगारात किंवा दुसऱ्या जीपमध्ये गेले, म्हणून १९६० च्या महिंद्रा जीपमध्ये एमबीचा ब्लॉक किंवा युद्धकाळातल्या चेसिसवर हरिकेन दिसतं. शिवाय फ्रान्समध्ये हॉचकिसने आणि जपानमध्ये मित्सुबिशीनेही परवान्याने जीप बांधल्या. आयात केलेल्या ब्लॉकवर अनोळखी खुणा दिसल्या तर ती शक्यताही पडताळावी.

तपासताना

आधी ब्लॉक स्वच्छ करा, पण ग्राइंडर आणि एमरी पेपर दूर ठेवा. पॅडवरची कारखान्याची मशिनिंगची बारीक रेघोटी हाच तुमचा पुरावा आहे, ती एकदा घासली गेली की परत येत नाही. डिझेल आणि नायलॉनचा ब्रश, जुना रंग असेल तर पेंट रिमूव्हर, आणि शेवटी पितळी ब्रशचा हलका हात. टॉर्च समोरून न धरता पॅडला चिकटून तिरपी धरा. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने प्रिंट घ्या, आर.टी.ओ.साठी चेसिस प्रिंट घेतात तशीच.

पॅडवर रेघोटीऐवजी गोल-गोल ओरखडे असतील, किंवा पॅड आजूबाजूच्या ओतीव पृष्ठभागापेक्षा खोल गेला असेल, तर क्रमांक पुन्हा ठोकलेला असण्याची शक्यता मोठी. आकड्यांची ओळ जराशी वाकडी असणं हा मात्र एकट्याने पुरावा नाही, कारण पंच हातानेही मारले जात.

मग मापं. बोअर ७९.३७५ भरला तर मूळ साइज. चाळीस थाऊ ओव्हरसाइज असेल तर ८०.३९ च्या आसपास. माथ्यावर सिलिंडरभोवती बारीक गोल रेष दिसली तर स्लीव्ह घातलेली आहे. त्यानंतर डाय पेनेट्रंट (तडे दाखवणारा रंग) मारून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामधला चिंचोळा भाग बघा. उष्णतेने हे ब्लॉक बहुतेकदा तिथेच तडकतात, आणि जुनं वेल्डिंग किंवा स्टिचिंगही तिथेच सापडतं. दुरुस्त केलेला मूळ ब्लॉक हा मूळ ब्लॉकच असतो, त्यामुळे तडा सापडला म्हणून तो भंगारात देऊ नका.

शेवटी उठावाचा आकडा, ठोकलेला क्रमांक आणि मापं एका कागदावर शेजारी लिहा आणि आर.सी.शी ताडून बघा. उठावाच्या आकड्याशी विसंगत असा ठोकलेला क्रमांक असेल, म्हणजे समजा ‘जीपीडब्ल्यू-६०१५’च्या ओतीवावर ‘एमबी’चा क्रमांक, तर ओतीवावर विश्वास ठेवा आणि पॅडची पुन्हा तपासणी करा. ब्लॉक आणि आर.सी. यांच्यात फरक निघाला तर व्हीएचा अर्ज करण्याआधी इंजिन बदलाची नोंद आर.टी.ओ.त करून घ्या, आणि अर्जासोबत पॅडचा प्रिंट व दोन्ही आकड्यांचे जवळून काढलेले फोटो जोडा.