मिरगीत जीभ गिळली जात नाही
परवा सीताबर्डीच्या गर्दीत एकाला मिरगीचा झटका आला. "जीभ गिळंल ना जी तो!" म्हणत कोणीतरी चहाच्या टपरीवरचा चमचा त्याच्या दातांत कोंबला. ओठ फाटला, दाताचा तुकडा पडला.

जीभ गिळताच येत नाही. ती तोंडाच्या तळाशी बांधलेली असते. आरशासमोर जीभ वर उचला, तो पातळ पडदा दिसेल. खरा धोका वेगळाच: बेशुद्ध माणूस उताणा असला की सैल जीभ मागे ढळून श्वासाची वाट अडवते, आणि तुटलेला दातही तिथेच अडकू शकतो. म्हणून तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. डोक्याखाली दुपट्टा ठेवा, हातपाय दाबू नका, झटका ओसरताच कुशीवर वळवा. मुलांनाही हेच. ५ मिनिटांत थांबला नाही, तर १०८ लावा.