तुकडा कोणत्या बाटलीत गेला?

आवाज बसून तीन आठवडे उलटले, गिळताना कळ थेट कानापर्यंत जाते. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकावाटे बारीक, लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. स्वरतंतूवर गाठ किंवा व्रण दिसला की पहिला संशय कर्करोगाचा. तो यायलाच हवा, पण क्षयरोगही अगदी असाच दिसू शकतो.

स्वरयंत्राच्या क्षयाचं जुनं वर्णन वेगळं होतं: फुफ्फुसांत क्षय फार बळावलेला, बेडका साचून स्वरयंत्राच्या मागच्या भागात व्रण, स्वरतंतूची कड उंदराने कुरतडल्यासारखी. आता पुष्कळदा एकाच स्वरतंतूवर सूज किंवा गाठ सापडते. नुसत्या नजरेने निदान होत नाही, बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणं, लागतेच.

घोटाळा होतो तो इथे. तुकडा सवयीने फॉर्मेलिन या जतन करणाऱ्या द्रवाच्या बाटलीत पडतो. फॉर्मेलिनमध्ये पेशींची रचना टिकते, पण जंतू मरतात. मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं, होणार कसं? म्हणून किमान दोन तुकडे हवेत, एक फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये. सलाईनमधल्या तुकड्यावर सीबीनॅट (जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) केली, तर सुमारे दोन तासांत क्षयाचे जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतील का, दोन्ही कळतं. द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला मात्र 42 दिवस थांबावं लागतं.

तुकडा वरवरचा नको. क्षयात वरचं अस्तर जाड होऊन खाली उतरतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाचा भास होतो. मधोमध मृत पेशींचा लगदा असलेले ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे गोळके, खालच्या थरात सापडतात. तपासणीच्या कागदावर नुसतं ‘कर्करोग?’ न लिहिता ‘क्षय?’ असंही लिहावं, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट जंतू दिसावेत म्हणून तुकड्याला खास रंग देतात.

छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी सोबत हवीच. पण साध्या स्लाइडवर जंतू दिसायला 1 मिलीलीटर बेडक्यात साधारण 5,000 ते 10,000 जंतू असावे लागतात, त्यामुळे निगेटिव्ह स्लाइडवर विसंबू नये. दुर्बीण घालताना रुग्णाला ठसका लागतो आणि हा क्षय चांगलाच संसर्गजन्य असतो. तेव्हा तपासणाऱ्याने एन-95 मास्क लावावा.

अंदाजाने दिलेलं लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणखी घोळ घालतं. ते क्षयाच्या जंतूंनाही दाबतं, थोडे दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं.

क्षयाची औषधं सुरू झाल्यावर दुर्बिणीने पुन्हा पाहावं. गाठ विरत नसेल तर बायोप्सी परत करावी, कारण औषधांना न जुमानणारा जंतू असू शकतो किंवा क्षयाच्या जोडीला कर्करोगही.