फरशी तापवायची की पाय?

कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकघरातल्या दगडी फरशीवर अनवाणी पाऊल टाकलं की अंगावर काटा येतो. शेजारच्या खोलीतल्या लाकडी जमिनीवर तसं होत नाही. मोजायला गेलं तर दोन्हींचं तापमान सारखंच भरतं, समजा 18 अंश सेल्सिअस. फरक आहे तो उष्णता ओढून घेण्याच्या वेगात. तळवा 30 अंशांचा धरला, तर ढोबळ हिशेबाने दगडाला टेकताच त्याची त्वचा 22 अंशांच्या आसपास उतरते, लाकडावर 27 च्या आसपास थांबते.

फरशीखाली हीटिंग, म्हणजे गरम पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा, बसवावं असं मनात येतं ते बहुतेकदा या धक्क्यामुळे. पण थंडी पायांपुरती आहे की अख्खी खोलीच गार आहे, हे आधी पाहायला हवं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

खोलीच गार असेल तर आकडेमोड करावी लागते. माणसं वावरतात तिथे फरशी 29 अंशांपलीकडे तापवू नये, असं युरोपीय मानक सांगतं. न्हाणीघरात 33 चालतात. खोली 20 अंशांवर ठेवायची असेल, तर 29 अंशांच्या फरशीतून दर चौरस मीटरला साधारण 100 वॉट उष्णता वर येते. बसायच्या खोलीत मोकळी जमीन भरपूर, म्हणून तिथे हे सहसा पुरतं. स्वयंपाकघरात जमीनच कमी. 12 चौरस मीटरच्या खोलीत ओट्याखालची कपाटं, फ्रिज, ओव्हन मिळून 5 चौरस मीटर सहज खातात. त्यांच्याखाली तारा किंवा नळ्या घालण्यात अर्थ नाही: उष्णता तिथेच कोंडते, खालच्या खणांतले जिन्नस तापत राहतात, फ्रिजला जास्त राबावं लागतं. उरले 7 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 700 वॉट. भिंती-खिडक्या नीट बंदिस्त असलेल्या घरात तेवढ्यावर भागतं. फटीफटींतून वारा येणाऱ्या घरात नाही भागत, आणि तिथे आधी फटी बुजवणंच शहाणपणाचं.

शिवाय ही खोली स्वतःच तापणारी. शेगडी आणि ओव्हन तर आहेतच, फ्रिजही आतली उष्णता खोलीतच टाकतो, आणि उभ्याने काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातून 100 वॉटहून अधिक बाहेर पडते. कोरियातल्या पारंपरिक ‘ओंडोल’ घरांत तर स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून फिरवून धुराड्यातून बाहेर सोडत. ऊब झोपायच्या खोलीला मिळे. चुलीजवळची जमीन मातीचीच राही.

खरी अडचण वेगाची आहे. नळ्यांवर 65 मिलिमीटरचा कोबा घातला, तर 7 चौरस मीटरवर त्याचं वजन 900 किलोच्या घरात जातं. तो 8 अंशांनी तापवायला सुमारे 2 किलोवॉट-तास लागतात. 700 वॉटने हे काम व्हायला, थेंबभरही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, तीन तासांच्या आसपास जातात. सकाळच्या अर्ध्या तासासाठी पहाटेच सुरुवात करायची, आणि ओव्हन लावला म्हणून फरशी लगेच गार होणार नाही ती नाहीच. एक गोष्ट मात्र आपोआप जमते: फरशी 23 अंशांची आहे आणि स्वयंपाकाने खोलीही 23 वर गेली, तर फरशी उष्णता द्यायचीच थांबते.

घर नव्याने बांधताय, किंवा जमीन उखडावीच लागणार आहे आणि घराला हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने ओढून घरात आणणारं यंत्र) आहे, तर स्वयंपाकघर वगळू नका. नळ्यांत 35 ते 40 अंशांचं पाणी पुरतं. पाणी जितकं कोमट, तितका हीट पंप कमी विजेत काम करतो. एका युनिट विजेवर तीन-चार युनिट उष्णता मिळू शकते. खोली तापवणारा भिंतीवरचा रेडिएटर नसल्याने भिंतही मोकळी राहते, आणि कपाटांनी भरलेल्या खोलीत ती मोलाची असते.

विजेच्या तारांची जाळी कोब्यातल्या नळ्यांपेक्षा पुष्कळ पातळ. ती टाइलच्या लगेच खाली बसते, लवकर तापते, पण एका युनिटला एकच युनिट देते. म्हणून ती ओट्यासमोर आणि सिंकपाशी, उभं राहायच्या पट्ट्यापुरतीच घालावी. दर चौरस मीटरला 150 वॉटप्रमाणे 2 चौरस मीटरला 300 वॉट. रोज दोन तास म्हणजे 0.6 युनिट. खाली उष्णतारोधक फळी हवीच, नाहीतर बरीचशी उष्णता जमिनीत मुरते. नुसते पाय गारठतात म्हणून चांगली फरशी फोडणं मला पटत नाही. त्याला जाड तळाच्या सपाता पुरतात. खोली झटपट तापवायची असेल तर कपाटाच्या तळपट्टीत बसणारा पंख्याचा हीटर बरा.

जाळी घालायचीच ठरली, तर टाइल बसवण्याआधी तिचा विद्युत रोध मोजून लिहून ठेवा आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. पुढे कधी मधोमध नवा ओटा रोवायला कुणी ड्रिल घेऊन आलं, तर तार कुठून गेली आहे ते त्या फोटोवरूनच कळेल.