वजन घटवणारी इंजेक्शने: दुष्परिणामांच्या यादीमागचा इतिहास

वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या तीन प्रमुख इंजेक्शनांची तुलना करणारा तक्ता आज कुठेही सहज मिळतो. सेमॅग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना मळमळ झाली, लिराग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना आणि टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ३१ टक्क्यांना, असे आकडे त्यात शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि वाचणारा त्यावरून लगेच क्रम लावून मोकळा होतो. आकडे खरे आहेत. मात्र ते तीन वेगळ्या चाचण्यांतून, वेगळ्या वर्षी, वेगळ्या माणसांकडून आलेले आहेत. या औषधांच्या माहितीपत्रकातली दुष्परिणामांची यादी एका बैठकीत तयार झालेली नाही. तिच्यातली प्रत्येक नोंद कधी आणि कोणत्या वाटेने आली, हे पाहिल्याशिवाय औषधांची एकमेकांशी तुलना करता येत नाही.

वजनासाठी इंजेक्शन ही कल्पना मुळात नवी नाही आणि तिचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. अल्बर्ट सिमियन्स हे ब्रिटिश डॉक्टर १९३० आणि १९४० च्या दशकांत भारतात होते आणि मुंबईत त्यांचा व्यवसाय होता. गरोदरपणात तयार होणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची छोटी मात्रा दिलेल्या लठ्ठ मुलांची भूक कमी होते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे रोममध्ये स्थायिक झाल्यावर त्यांनी १९५४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली: रोज १२५ युनिटचे इंजेक्शन आणि सोबत दिवसाला अवघ्या ५०० कॅलरींचा आहार. लोक बारीक होत, पण ते उपासमारीने. पाण्याचे इंजेक्शन घेऊन तेवढाच आहार ठेवणाऱ्यांचे वजनही तितकेच उतरते, हे नंतरच्या नियंत्रित चाचण्यांतून दिसले. इतक्या कमी आहाराने होणारे पित्ताचे खडे आणि अशक्तपणा हा त्रास मात्र खराच होता. दुष्परिणाम औषधाचा की झपाट्याने वजन घटण्याचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे आणि आजच्या औषधांबाबतही तो वारंवार समोर येतो.

त्यानंतरची काही दशके गोळ्यांची होती आणि त्यांचा शेवट बहुधा वाईट झाला. अमेरिकेत फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही जोडगोळी लाखो लोक घेत असताना १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडल्याचे रुग्ण आढळले आणि फेनफ्लुरामिन त्याच वर्षी बाजारातून गेले. युरोपात २००६ मध्ये मान्यता मिळालेले रिमोनाबंट नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे दोन वर्षांत थांबवावे लागले. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर सिब्युट्रामिन २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. वजनाच्या नव्या औषधाकडे नियामक आधी संशयानेच पाहतात, त्याचे कारण हा इतिहास आहे. हृदय आणि मन या दोन बाबतींत आजच्या इंजेक्शनांची जी कसून तपासणी झाली, तीही याच अनुभवातून.

आजची इंजेक्शने लठ्ठपणासाठी शोधली गेली नव्हती. १९८० च्या दशकात आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचा शोध लागला. जेवणानंतर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पण रक्तात ते दोनेक मिनिटांतच निम्मे होते, त्यामुळे औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता. न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत तसेच काम करणारे, पण बराच काळ टिकणारे प्रथिन सापडले. त्यावरून तयार झालेले एक्झेनॅटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले. दिवसातून दोनदा टोचायच्या या औषधाने रुग्णांचे वजनही उतरे. म्हणजे वजन घटणे हाच आधी एक आनुषंगिक परिणाम होता आणि उद्योगाने पुढे त्यालाच मुख्य परिणाम केले. लिराग्लुटाइड, सेमॅग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही याच कुळातली नंतरची औषधे.

मळमळ पहिल्या दिवसापासून सोबत होती आणि तिचे कारण औषधाच्या कामातच आहे. जीएलपी-१ ची ग्राहके, म्हणजे ते ज्यांना चिकटून काम करते ती पेशींवरची प्रथिने, मेंदूतील उलटीशी संबंधित भागातही असतात. शिवाय औषधामुळे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटणे आणि जेवण पाहून पोटात ढवळणे यांत फार अंतर नाही. शरीराला काही आठवड्यांत सवय होते, हे लक्षात आल्यावर मात्रा हळूहळू चढवण्याची पद्धत आली. लिराग्लुटाइड दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात पूर्ण मात्रेवर नेतात, सेमॅग्लुटाइडला सोळा आठवडे लागतात आणि टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेपर्यंत पोहोचायला वीस. रुग्णाला कंटाळवाणी वाटणारी ही चढण मळमळीच्या इतिहासातूनच आली आहे. ती जिथे जमली नाही, तिथे औषध सोडून द्यावे लागले: आठवड्यातून एकदा द्यायच्या टास्पोग्लुटाइडच्या चाचण्या २०१० मध्ये उलट्या आणि ॲलर्जीच्या तक्रारींमुळे थांबल्या.

माहितीपत्रकातील गंभीर नोंदी वेगवेगळ्या वाटांनी आल्या. स्वादुपिंडाच्या दाहाची नोंद बाजारातून आली. एक्झेनॅटाइड घेणाऱ्या ३० रुग्णांच्या तक्रारी जमल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००७ मध्ये डॉक्टरांना सावध केले. मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्यांना हा दाह तसाही इतरांपेक्षा अधिक होतो, त्यामुळे दोष कोणाचा हे ठरवणे अवघड होते. २०१४ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय नियामकांनी मिळून सर्व पुरावा तपासला. कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, पण इशारा काढून टाकण्याइतकी खात्रीही नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

थायरॉइडच्या कर्करोगाचा चौकटीतला इशारा मात्र उंदरांकडून आला. लिराग्लुटाइड दिलेल्या उंदीर-घुशींच्या थायरॉइडमधील सी-पेशींत गाठी दिसल्या. या पेशींवरील ग्राहके त्या प्राण्यांत भरपूर आणि माणसांत फार थोडी असतात. तरीही २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता देताना हा इशारा सर्वांत वर छापायला लावला गेला आणि नंतरच्या सेमॅग्लुटाइड, टिर्झेपॅटाइडनाही तो लागू झाला. युरोपीय औषध संस्थेच्या समितीने २०२३ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून माणसांत असा संबंध दिसत नसल्याचे म्हटले. स्वतःला किंवा कुटुंबात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग (याच सी-पेशींचा कर्करोग) झालेला असेल तर ही औषधे टाळण्याची सूचना मात्र कायम आहे. या नोंदीमुळे तीन औषधांत फरक करता येत नाही, कारण ती तिघांच्याही माथी आहे.

आता पुन्हा त्या टक्क्यांकडे. लठ्ठपणासाठी ३ मिलिग्रॅम लिराग्लुटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या मोठ्या चाचणीत ५६ आठवड्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरले. सेमॅग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली: ६८ आठवड्यांत १४.९ टक्के. टिर्झेपॅटाइडची २०२२ मध्ये: ७२ आठवड्यांत सर्वांत मोठ्या मात्रेवर २०.९ टक्के. मळमळीचे ४०, ४४ आणि ३१ हे आकडे याच चाचण्यांतले. पण तक्त्यात सहसा न छापलेला रकाना अधिक बोलका आहे. औषधाऐवजी नुसते द्रावण टोचलेल्यांपैकी लिराग्लुटाइडच्या चाचणीत १४.७ टक्क्यांना, सेमॅग्लुटाइडच्या चाचणीत १७.४ टक्क्यांना आणि टिर्झेपॅटाइडच्या चाचणीत ९.५ टक्क्यांनाच मळमळ झाली. औषध नसलेल्या इंजेक्शनाने एका चाचणीत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट मळमळ व्हावी, याचा अर्थ माणसे, तक्रार नोंदवण्याची पद्धत किंवा अपेक्षा यांतच फरक होता. तेवढा भाग वजा केला तर उरतात सुमारे २५, २७ आणि २१ टक्के. अंतर आहे, पण तक्त्यातल्याइतके नाही, आणि अशी वजाबाकीही अंदाजापुरतीच चालते.

म्हणून एकाच चाचणीत दोन औषधे समोरासमोर ठेवणारे अभ्यास महत्त्वाचे ठरतात आणि असे अभ्यास थोडेच आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सेमॅग्लुटाइड आणि लिराग्लुटाइड या दोन्ही गटांत पोटाच्या तक्रारी जवळपास सारख्याच होत्या: ८४.१ आणि ८२.७ टक्के. मात्र दुष्परिणामांमुळे उपचार सोडणारे सेमॅग्लुटाइड गटात ३.२ टक्के, तर लिराग्लुटाइड गटात १२.६ टक्के होते. तक्रार होणे आणि ती सोसण्यापलीकडे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; माझ्या मते रुग्णाने दुसरा आकडा आधी विचारावा. रोज सुई टोचून आठ टक्क्यांच्या आसपास वजन उतरणार असेल तर माणूस त्रासाला लवकर कंटाळतो, हेही त्यामागे असणारच. मे २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि सेमॅग्लुटाइडची थेट तुलना आली. वजन अनुक्रमे २०.२ आणि १३.७ टक्के उतरले. पोटाच्या तक्रारींमुळे औषध सोडणारे २.७ आणि ५.६ टक्के होते. टिर्झेपॅटाइड हे जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहकांवरही काम करते आणि त्या बाजूने मळमळ काहीशी आवरली जाते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. हा अभ्यास टिर्झेपॅटाइडच्या उत्पादकाच्या पैशाने झाला होता आणि आपण कोणते औषध घेतो आहोत हे सहभागींना ठाऊक होते; आधीची तुलनाही सेमॅग्लुटाइड बनवणाऱ्या कंपनीनेच केली होती. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण वाचताना हे विसरूही नये.

काही परिणाम औषधापेक्षा वजन घटण्याच्या वेगाशी निगडित आहेत आणि सिमियन्स यांच्या काळातला प्रश्न इथे परत येतो. पित्ताशयाच्या तक्रारी लिराग्लुटाइडच्या चाचणीत २.५ टक्के, सेमॅग्लुटाइडच्या चाचणीत २.६ टक्के, आणि दोन्हीकडे नुसत्या द्रावणाच्या गटाच्या दुपटीहून अधिक होत्या. मधुमेहींच्या २०१६ मधील एका चाचणीत सेमॅग्लुटाइड गटात दृष्टिपटलाची गुंतागुंत ३ टक्के, तर तुलनेच्या गटात १.८ टक्के आढळली. साखर फार झपाट्याने खाली आल्याने असे होते, हे इन्सुलिनच्या बाबतीत आधीच माहीत होते.

स्नायूंचा प्रश्न आपल्याकडे अधिक गंभीर मानला पाहिजे. सेमॅग्लुटाइडच्या चाचणीत ज्यांच्या शरीराची घडण क्ष-किरण पद्धतीने मोजली, त्या छोट्या गटात उतरलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के वाटा चरबीचा नव्हता. टिर्झेपॅटाइडच्या तशाच गटात तो सुमारे २५ टक्के होता. हे गटही वेगळ्या चाचण्यांतले आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गेली काही दशके दाखवून दिले आहे की, तेवढ्याच उंची-वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात. मुळात ज्याची पुंजीच थोडी, त्याला त्यातली घट जास्त जाणवणार, असा तर्क करता येतो.

वापर वाढल्यावर यादीत आणखी भर पडली. भूल देण्यापूर्वी नेहमीप्रमाणे उपाशी राहिलेल्या रुग्णांच्या जठरात अन्न सापडू लागल्यावर अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये सूचना काढल्या: रोजचे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि आठवड्याचे आधीच्या आठवड्यात घेऊ नये. लिराग्लुटाइड रक्तात सुमारे १३ तासांत निम्मे होते, टिर्झेपॅटाइडला पाचेक दिवस लागतात आणि सेमॅग्लुटाइडला आठवडा. सोय म्हणून वाढवलेला हा काळ त्रास झाल्यावर मात्र गैरसोयीचा ठरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडातील संशोधकांनी अमेरिकी विमा नोंदींवरून सेमॅग्लुटाइड व लिराग्लुटाइडची तुलना वजनाच्याच दुसऱ्या एका गोळीशी केली, तेव्हा स्वादुपिंडाच्या दाहाचा धोका सुमारे नऊपट आणि आतड्यात अडथळा येण्याचा चौपट दिसला. बातम्यांत नऊपट छापून आले. असे रुग्ण मुळात हजारात काहीच होते, हे बहुतेक ठिकाणी राहून गेले. आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारी आइसलँडमधून आल्यावर युरोपीय संस्थेने जुलै २०२३ मध्ये चौकशी सुरू केली आणि एप्रिल २०२४ मध्ये संबंध दिसत नाही असे जाहीर केले. याउलट डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक कमी होऊन दृष्टी जाण्याचा विकार, ज्याची शंका २०२४ मध्ये अमेरिकेतील नेत्ररुग्णालयाच्या नोंदींवरून आली, तो जून २०२५ मध्ये सेमॅग्लुटाइडच्या यादीत गेला: दहा हजारांत एकापर्यंत, म्हणजे अतिदुर्मीळ. टिर्झेपॅटाइड यातून मोकळे आहे की केवळ उशिरा आल्यामुळे त्याची नोंद कमी आहे, हे आजच्या आकड्यांवरून ठरत नाही. उलट गर्भनिरोधक गोळीचे शोषण कमी होण्याची सूचना टिर्झेपॅटाइडलाच आहे. सुरुवातीनंतर आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरे साधन वापरावे, असे माहितीपत्रक सांगते.

भारतात हा प्रवास भराभर झाला. मुंबईच्या ग्लेनमार्कने जानेवारी २०२४ मध्ये मधुमेहासाठी लिराग्लुटाइडची स्वस्त आवृत्ती आणली, मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने टिर्झेपॅटाइड आले आणि जूनमध्ये वेगोव्ही या नावाने वजनासाठीचे सेमॅग्लुटाइड. सेमॅग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. मौंजारो इथे आधी कुपीत आले, म्हणजे सिरिंजमध्ये मात्रा भरून घेणे आले. अमेरिकेत औषध दुकानांत बनवलेल्या सेमॅग्लुटाइडच्या कुप्यांमधून काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध ओढल्याचे तिथल्या प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये नोंदवले होते आणि त्यातल्या काहींना उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. हा दुष्परिणाम रेणूचा नव्हे, सिरिंजवरच्या खुणांचा. आपल्याकडे अशा घटना नोंदवण्याची व्यवस्था आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आधीच्या टप्प्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे विभागीय केंद्र होते. २०१० मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र आता गाझियाबादला आहे. डॉक्टरच नव्हे, रुग्णही तिथे थेट तक्रार नोंदवू शकतो आणि त्यासाठीचे अर्ज प्रादेशिक भाषांतही मिळतात.